छोट्या गाडीच्या मागे हिच रॅकवर सायकली न्यायच्या असतील तर

हॅचबॅक किंवा छोटी सेडान आहे आणि सायकली सोबत न्यायच्यात, तर हिचला (गाडीच्या मागे बंपरखाली ट्रेलर वगैरे जोडायला बसवतात तो लोखंडी जोड) लागणारा रॅक हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय आहे. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. रॅकवर किती सायकलींची जागा आहे याच्याशी गाडीला काही देणंघेणं नसतं. गाडीला कळतं ते वजन, आणि ते वजन मागच्या चाकांपासून किती लांब लटकतंय ते. चार सायकलींचा रॅक मिळतो म्हणून छोट्या गाडीवर चार सायकली जातील असं होत नाही. दोन आरामात जातात, कधीकधी दोन मोठ्या आणि एक लहान मुलाची, त्याच्या पुढे बहुतेक छोट्या गाड्यांचं गणित बसतच नाही. ते गणित कसं करायचं, रॅक कोणता घ्यायचा, सायकली कशा चढवायच्या आणि रस्त्यावर काय सांभाळायचं ते सगळं खाली लिहितोय. लांबलंय खरं, पण हायवेवर सायकल सुटली तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून महत्त्वाचं काही गाळलेलं नाही.

आधी बाकीचे दोन पर्याय थोडक्यात. छतावर सायकल न्यायची तर ती डोक्याच्या वर उचलावी लागते, छोट्या गाडीच्या छताला वजनाची मर्यादा कमी असते, बऱ्याच गाड्यांना ५० किलोच्या आसपास, आणि त्यात आडव्या दांड्यांचं नि कॅरियरचं वजनही धरायचं असतं. शिवाय वारा. अमेरिकन सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीत सामानाच्या डब्यांचे आकडे दिलेत, छतावरच्या मोठ्या डब्याने हायवेवर मायलेज ६ ते १७ टक्के घसरू शकतं आणि तोच डबा मागे लावला तर १ ते ५ टक्के. सायकल म्हणजे डबा नव्हे, पण दिशा तीच, मागची सायकल बऱ्यापैकी गाडीच्या आडोशाला असते. आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना छतावर सायकल आहे हे एकदा जरी विसरलं तरी सायकल, छत, दोन्ही गेलं. दुसरा पर्याय म्हणजे डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. तो हलका असतो, हिच लागत नाही, पण आजच्या हॅचबॅकचं मागचं दार म्हणजे अर्धी काच आणि वर प्लास्टिकचा स्पॉयलर, हुक अडकवायला धड पत्र्याची कडच सापडत नाही, पट्टे हळूहळू सैल होतात आणि रबरी पॅडखाली धूळ गेली की रंग घासतो. कधीतरी जवळपास जायला ठीक आहे, नेहमीसाठी नाही.

आधी वजन, मग खरेदी

गाडीचं मॅन्युअल काढा आणि तीन आकडे शोधा. पहिला म्हणजे हिचवर सरळ खाली दाबणारं वजन किती चालतं तो, याला कुणी टंग वेट म्हणतं कुणी नोज वेट, गोष्ट एकच. छोट्या गाड्यांना हा आकडा बऱ्याचदा ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असतो. दुसरा, मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसावर, जास्तीत जास्त किती भार चालतो. तिसरा, माणसं-सामान सगळं धरून गाडीचं एकूण वजन किती चालतं. हे दोन आकडे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पाटीवरही असतात. आणि हिचवर स्वतःची एक मर्यादा लिहिलेली असते, रॅकवर त्याची वेगळी. या सगळ्यांत जो सगळ्यात लहान आकडा तो तुमचा आकडा. हिच दणकट आहे म्हणून गाडीची मर्यादा वाढत नाही, हे बरेच जण विसरतात.

आता बेरीज करताना रॅकचं वजन धरायचंच. दोन सायकलींचा ट्रेवाला रॅक (ज्यावर सायकली चाकांवर उभ्या राहतात तो) १५ ते २५ किलोचा असतो. समजा तो २० किलोचा आहे, त्यावर १४-१४ किलोच्या दोन माउंटन बाइक, झाले ४८ किलो. मर्यादा ७५ असेल तर निवांत, ५० असेल तर अगदी काठावर. आता त्याच जागी २५-२५ किलोच्या दोन ई-बाइक ठेवून बघा, रॅकसकट ७० किलो होतात, म्हणजे ५० च्या गाडीला सरळ नाही म्हणायचं आणि ७५ च्या गाडीला पण बॅटऱ्या काढूनच. सायकलचं वजन अंदाजाने धरू नका, घरातल्या वजनकाट्यावर एकदा नुसते उभे राहा, एकदा सायकल उचलून उभे राहा, फरक काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

नुसत्या वजनाइतकंच महत्त्वाचं आहे अंतर, आणि छोट्या गाडीत तेच जास्त बोचतं. सी-सॉवर एका टोकाला बसलं की दुसरं टोक उचललं जातं तसं इथे होतं, मागचा अ‍ॅक्सल म्हणजे मधला टेकू. समजा गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४५ मीटर आहे आणि रॅक-सायकलींच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या १.१ मीटर मागे येतो. वजन ६० किलो. ६० गुणिले १.१ भागिले २.४५, साधारण २७. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार २७ किलोने कमी झाला आणि मागच्या चाकांवर ६० नाही तर ८७ किलो वाढले. छोट्या गाड्यांत इंजिन बहुतेक पुढची चाकंच फिरवतं, वळवायचं नि बरंचसं ब्रेकचं कामही तीच चाकं करतात, त्यामुळे पुढून वजन उचललं जाणं ही नुसती कागदावरची गोष्ट नाही, ओल्या चढावर चाक फिरताना आणि स्टिअरिंग हलकं लागताना ते जाणवतं. आणि त्यात मागच्या सीटवर दोन मोठी माणसं आणि डिकी ठासून भरलेली असेल तर मागचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं.

एकूण वजनाचं पण बघा. समजा एकूण वजनाच्या मर्यादेतून गाडीचं स्वतःचं वजन वजा केल्यावर ४२० किलो उरतात. चार माणसं ७५ प्रमाणे ३०० किलो, सामान ६०, रॅक नि सायकली ६०, संपलं, ४२० भरले. पाण्याचा कॅन ठेवायला जागा नाही. म्हणून चार जण आणि चार सायकली हा बेत छोट्या गाडीत होत नाही, दोन जण दोन सायकली हा मस्त होतो, तीन जण दोन सायकली पण चालतं. सायकली मागे असतील तर जड सामान डिकीत न टाकता मागच्या सीटच्या पायाशी किंवा पुढच्या सीटच्या पाठीला लागून ठेवा, अ‍ॅक्सलच्या पुढे गेलेलं प्रत्येक किलो उपयोगी पडतं.

हिच कोणता

दोन जाती आहेत. एक चौकोनी भोकाचा रिसीव्हर, त्यात रॅकचा दांडा घुसवून आडवी पिन टाकायची. छोट्या गाड्यांना लागतो तो सव्वा इंची, मोठ्या गाड्यांना दोन इंची. हिचचे ताकदीप्रमाणे क्लास असतात, सव्वा इंचीत क्लास १ ची टंग वेट मर्यादा साधारण ९० किलो असते आणि क्लास २ ची १५८ च्या आसपास, पण पुन्हा सांगतो, गाडीचा आकडा कमी असेल तर तोच लागू. दुसरी जात म्हणजे गोळ्याची, ५० मिलिमीटरचा स्टीलचा टो बॉल, त्यावर रॅकचा चिमटा आवळून बसतो. गोळ्याच्या रॅकमध्ये सगळी पकड घर्षणावर असते, म्हणून गोळा कोरडा आणि स्वच्छ हवा, ट्रेलरसाठी कुणी ग्रीस लावून ठेवलं असेल तर ते पुसून काढल्याशिवाय रॅक चढवायचा नाही. गोळा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बऱ्याच रॅकना तो चालतच नाही, रॅकच्या पुस्तिकेत धातू लिहिलेला असतो.

सव्वा इंचाचं दोन इंच करणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, दांडा लांब करणारे पण मिळतात. छोट्या गाडीला मी दोन्ही टाळायला सांगेन. वर जे अंतराचं गणित केलं ते याने आणखी बिघडतं, एक जोड वाढतो म्हणजे एक जागा वाढते जिथे खडखड होईल, आणि अ‍ॅडॉप्टर लावला की मर्यादा कमी धरा असं बनवणारेच सांगतात. रॅक घेतानाच सव्वा इंची दांड्याचा बघा. काही रॅकना दोन्ही मापं सोबत येतात, फक्त अशा रॅकमध्ये सव्वा इंचीवर सायकलींची संख्या कमी लिहिलेली असू शकते ते वाचा.

गाडीला हिच नसेल तर बाहेरून बसवता येतो. तुमच्या मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी बनवलेला घ्या, तो चॅसीच्या मूळ भोकांत किंवा बंपरमागच्या बीमच्या जागी बोल्टने बसतो. कुठे कुठे बंपर उतरवावा लागतो, खालचं प्लास्टिक थोडं कापावं लागतं, सायलेन्सर रबरांवरून सोडून खाली लोंबवावा लागतो आणि तेव्हा तो दोरीने टांगून ठेवावा, नुसता लटकला तर पुढचा जोड वाकतो. बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना) सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळायचे. हाताशी जॅक स्टँड आणि टॉर्क पाना नसेल तर वर्कशॉपमध्येच करून घ्या. आणि घरगुती वेल्डिंग करून हिच जोडणं नको म्हणजे नकोच, छोट्या गाडीचा पत्रा पातळ असतो, वेल्डच्या आजूबाजूला तो कमकुवत होतो आणि ते वरून दिसत नाही. काही गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगी नसते पण फक्त रॅकसाठी हिच चालतो, काहींना तोही नाही, गाडीच्या कंपनीचं म्हणणं आणि तुमच्याकडचा नियम दोन्ही आधी बघून घ्या. विमा कंपनीला कळवायचं असेल तर तेही तेव्हाच.

लटकवायचा रॅक की ट्रेचा

लटकवायच्या रॅकमध्ये उभ्या खांबातून दोन दांडे मागे येतात आणि त्यांच्यावर सायकलची वरची नळी ठेवून रबरी पट्ट्यांनी आवळतात. हलका असतो, घडी होऊन कोपऱ्यात राहतो, आणि छोट्या गाडीला हलका असणं हा मोठा गुण आहे. पण सायकली झुलतात, एकमेकींना घासतात, आणि ज्या सायकलला आडवी नळी नाही, म्हणजे लेडीज फ्रेम, मुलांची छोटी, फुल सस्पेन्शन, तिला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ते स्टेम (हँडल धरणारा जोड) अशी खोटी नळी लावावी लागते. कार्बन फ्रेम अशा रॅकवर नका ठेवू, नळीवर एकाच ठिकाणी सगळा दाब येतो.

ट्रेच्या रॅकवर सायकल आपल्या चाकांवर उभी राहते. यातले काही वरून हुकने फ्रेम पकडतात आणि काही नुसतं पुढचं चाक दाबून धरतात, फ्रेमला हातच लावत नाहीत. कार्बनला, नाजूक रंगाला, विचित्र आकाराच्या फ्रेमला हा चाक पकडणारा सगळ्यात उत्तम. फक्त मडगार्ड असेल तर पकडणारा हात मडगार्डवर दाबत नाही ना बघा. ट्रेचा रॅक जड असतो हा तोटा, पण सायकल गुडघ्याएवढीच उचलायची असते, पाठ वाचते, आणि झुलणं नसतं. माझं मत विचाराल तर गाडीची मर्यादा ७५ किलो असेल तर डोळे झाकून दोन सायकलींचा ट्रेचा घ्या, ५० असेल आणि सायकली साध्या वजनाच्या असतील तर हलका ट्रेचा शोधा, तो पण बसत नसेल तर मग लटकवायचा. ई-बाइकसाठी रॅकवर प्रत्येक सायकलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती २५-३० किलो आहे का बघा, एकूण मर्यादेत बसतंय म्हणून एका ट्रेवर जड सायकल ठेवता येत नाही.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर रॅक एकदा गाडीला लावून बघाच. डिकी उघडते का, रॅक मागे कलतो त्यात दाराला पुरेशी जागा होते का, रॅक वर दुमडल्यावर मागच्या काचेला किंवा वायपरला टेकतो का, आणि खाली जमिनीपासून किती उंच राहतो. छोटी गाडी मुळात बुटकी, हिच खाली, दांडा खाली, मग स्पीडब्रेकरवरून आणि पार्किंगच्या उतारावरून उतरताना शेपूट घासतं. दांडा वर उचललेला असेल असा रॅक छोट्या गाडीला बरा पडतो.

रॅक लावताना

दांडा घुसवा, भोकं जुळवा, पिन आरपार टाका आणि तिच्या टोकाला क्लिप किंवा लॉक लावा. सव्वा इंची रिसीव्हरची पिन अर्धा इंच जाडीची असते, दोन इंचीची पाच अष्टमांश इंच, चुकीची बारीक पिन टाकू नका. मग खडखड बंद करायचा बोल्ट किंवा फिरवायची मूठ जी काही असेल ती आवळा, म्हणजे दांडा रिसीव्हरच्या भिंतीला दाबला जातो. आता रॅक धरून जोरात हलवा. गाडीच हलली तर छान. रॅक एकटाच हलतोय तर जागा कुठे आहे ते शोधा, हाताचं बोट दांडा आणि रिसीव्हरच्या जोडावर ठेवून दुसऱ्या हाताने हलवा, जोडात हालचाल लागली तर अजून आवळा. वरचं टोक थोडं लवतं ते लोखंडाचं लवणं असतं, ते चालतं, जोडातली ढिलाई चालत नाही. ती दर खड्ड्यावर ठोकत राहते आणि भोकं मोठी होत जातात.

सायकली चढवणं

इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे.

आधी सायकलवरचं सुटं सगळं काढा: बाटल्या, पंप, सीटखालची पिशवी, दिवे, सायकल कॉम्प्युटर. लहान मुलाची सीट लावलेली असेल तर ती काढायचीच, वाऱ्यात ती शिडासारखं काम करते. ई-बाइकची बॅटरी आणि डिस्प्ले काढून गाडीत ठेवा, बॅटरीचेच तीन-चार किलो असतात, ते पाठीमागून निघून आत आले की दुहेरी फायदा, पावसापासूनही वाचते. बॅटरीची उघडी जागा झाकायला टोपी मिळते किंवा जाड प्लास्टिक आणि टेप.

सगळ्यात जड सायकल गाडीच्या सगळ्यात जवळ, हलकी बाहेर. कारण तेच, अंतराचं. दुसरी सायकल उलट्या तोंडाने ठेवा, म्हणजे एकीचं हँडल दुसरीच्या सीटकडे येतं, नाहीतर हँडलला हँडल भिडतं. तरी एकीचं हँडल दुसरीच्या सीटला लागत असेल तर सीट खाली करा किंवा काढूनच घ्या, आणि सीटपोस्टवर आधी टेपने खूण करून ठेवा म्हणजे परत उंची लावताना डोकं खाजवायला नको. पेडलं बघा, एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये किंवा फ्रेमवर येत असेल तर क्रँक (पेडलाचा दांडा) फिरवून जागा बदला आणि मग क्रँक पट्ट्याने फ्रेमला बांधून टाका, नाहीतर रस्त्याने तो आपोआप फिरून पुन्हा तिथेच येतो. जिथे धातूला धातू लागायची शक्यता आहे तिथे जुनी ट्यूब कापून गुंडाळा किंवा पाइपला लावतात तो फोम. चिंध्या नको, त्या ओल्या होऊन सरकतात आणि त्यात अडकलेली माती रंग खरवडते.

मग आवळणं. आधी फ्रेमचा हुक किंवा पुढच्या चाकाचा हात, मग दोन्ही चाकांचे पट्टे. चाकाचा पट्टा टायर आणि रिम दोन्हींवरून आला पाहिजे, स्पोकवर किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीवर दाब नको. टायरमध्ये हवा पूर्ण हवी, चाक पकडणाऱ्या रॅकमध्ये पकड टायरवरच असते आणि टायर बसला की पकड गेली. लटकवायच्या रॅकवर पुढचं चाक मोकळं असेल तर ते वाऱ्याने वळतं नि बाहेर येतं, त्याला फ्रेमच्या खालच्या नळीशी बांधा.

आणि रॅकचे स्वतःचे पट्टे कितीही भारी असले तरी एक वेगळा पट्टा हवा, बकलवाला, रॅचेटचा (मूठ हलवून कट-कट आवळायचा) नको कारण रॅचेटने इतका जोर लागतो की फ्रेम दबते. तो दोन्ही सायकलींच्या फ्रेममधून घेऊन रॅकच्या मुख्य खांबाला एक वेढा. म्हणजे एखादं बकल तुटलं तरी सायकल रस्त्यावर पडणार नाही, लटकून राहील आणि आरशात दिसेल. पट्ट्यांची उरलेली टोकं बांधून टाका, मोकळं टोक हायवेवर फडफडून रंगावर पांढरे पट्टे उमटवतं आणि चाकात गेलं तर विचारायला नको.

सगळं झालं की प्रत्येक सायकल सीटजवळ धरून दोन्ही बाजूंना हलवा. मग खाली वाकून सायलेन्सरचं टोक कुठे आहे ते बघा, हे बहुतेक जण बघतच नाहीत. छोट्या गाडीत सायलेन्सर मागून एका कोपऱ्यातून बाहेर येतो आणि ट्रेवरच्या सायकलचं चाक नेमकं त्याच्या मागे येऊ शकतं. गरम धूर तासभर टायरवर लागत राहिला तर रबर खराब होतं, कार्बनची रिम असेल तर आणखी वाईट. सायकल उलटी करून, ट्रे बाजूला सरकवून किंवा रॅकच्या दांड्याचं भोक बदलून अंतर वाढवा, नाहीच जमलं तर धूर खाली वळवणारं टोक सायलेन्सरला बसवून घ्या.

नंबर प्लेट, दिवे, रुंदी

नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर बहुतेक ठिकाणी तो गुन्हा असतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही. चांगल्या रॅकना मागे दिव्यांची पट्टी असते, तिला ७ किंवा १३ पिनचा प्लग असतो, तो गाडीच्या सॉकेटला लागतो, आणि त्या पट्टीवरच नंबर प्लेट बसवायची जागा असते. गाडीला सॉकेट नसेल तर हिचबरोबरच वायरिंग करून घ्या. ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, मागचा दिवा, निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून तपासा.

रुंदी पण लक्षात घ्या. २९ इंची चाकांची माउंटन बाइक टोकापासून टोकापर्यंत १.८ मीटरच्या पुढे जाते आणि छोट्या गाडीची बॉडी १.७ मीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी चाक थोडं बाहेर. आरशांच्या बाहेर तरी जाऊ देऊ नका, ट्रे मधोमध सरकवा, किती बाहेर चालतं त्याचा तुमच्याकडचा नियम बघा. बाहेर आलेल्या चाकांना लाल रिफ्लेक्टर टेप लावा. सायकलींवर कव्हर घालून पळवू नका, वारा भरतो, रॅकवर ओढ वाढते, दिवे झाकले जातात.

गाडी चालवताना

निघण्यापूर्वी मागच्या टायरांत पूर्ण भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरा, स्टिकरवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्याचा, त्यातला दुसरा. गाडी मागून बसते म्हणजे हेडलाइट वर जातात, डॅशबोर्डवर ०-१-२-३ ची चकती असेल तर ती फिरवून दिवे खाली घ्या, समोरच्यांचे डोळे दिपणार नाहीत. मागचा वायपर सायकलला अडत असेल तर तो चालू करू नका, आणि काही गाड्यांत पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो, ती सेटिंग बंद करा. रिव्हर्सचे सेन्सर रॅकलाच अडथळा समजून ओरडत राहतील, आणि रिव्हर्समध्ये आपोआप ब्रेक मारणारी गाडी असेल तर ते फीचर रॅक असेपर्यंत बंद ठेवा. कॅमेऱ्यात चाकंच दिसतात, त्यामुळे मागे घेताना कुणीतरी खाली उतरून सांगितलेलं बरं, गाडी मागून जवळजवळ एक मीटर लांब झालेली असते.

पहिल्या १०-१५ किलोमीटरला थांबा आणि सगळे पट्टे, पिन, मूठ पुन्हा बघा. पट्टे सुरुवातीला ताणून बसतात, त्यामुळे पहिलं थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, नंतर प्रत्येक चहा-पाण्याला एक फेरी. वेगाची मर्यादा रॅकच्या पुस्तिकेत असते, ती पाळाच, आणि खराब रस्त्यावर त्याहून बरंच हळू. खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा ६० किलोचा झटका ६० चा राहत नाही, क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, आणि तो सगळा त्या एका पिनवर आणि हिचच्या बोल्टवर येतो. कच्च्या रस्त्याने रोजचं जाणं असेल तर एक सायकल कमी न्या. मोठ्या ट्रकला ओव्हरटेक करताना बाजूचा वारा गाडीचं शेपूट ढकलतो, स्टिअरिंग दोन्ही हातांत घट्ट ठेवा आणि झटका देऊन दुरुस्त करू नका.

थांबल्यावर गाडी मागच्या बाजूने भिंतीला लावून उभी करा. रॅकची कुलपाची तार नुसती चोराला उशीर करते, दोन मिनिटांच्या कामापुरती ठीक आहे, मुक्कामाला सायकली आत घ्या. पिनला लॉक असलंच पाहिजे, नाहीतर रॅकसकट सायकली जातात.

परत आल्यावर

पावसातून हायवेने आलात तर पाणी जोरात बेअरिंगमध्ये आणि हेडसेटमध्ये (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तो जोड) शिरलेलं असतं. सायकली साध्या पाण्याने धुवा, प्रेशर पंप बेअरिंगवर मारू नका, चेन पुसून तेल घाला. गाडी ऑटोमॅटिक वॉशला न्यायची असेल तर रॅक आधी काढा.

वापर नसताना रॅक गाडीला तसाच ठेवायची सवय लागते, ती लावून घेऊ नका. रिकामा रॅकही २० किलो मागे लटकवून ठेवतो, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नडगीला लागतो आणि दांडा रिसीव्हरमध्ये गंजून अडकतो. काढल्यावर दांडा तारेच्या ब्रशने घासून रिसीव्हरच्या रॅकला अगदी पातळ ग्रीसचा हात द्या (गोळ्याच्या रॅकला नाही), पिनला तेल, रिसीव्हरच्या तोंडाला रबरी झाकण. वर्षातून एकदा गाडी वर घेऊन हिचचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, चॅसीला जिथे हिच लागतो तिथे गंज किंवा केसाएवढी चीर दिसतेय का टॉर्च मारून बघा, रॅकच्या वेल्डवर पण. चीर दिसली तर तो रॅक बाद, पुन्हा वेल्ड करून वापरू नका.